माणशी हिस्सा: २०३८ मधल्या एका सोसायटीचं पाणी आणि एम.डेस.चा एक थिसिस

हे प्रकरण वर्गात चर्चेसाठी रचलेलं आहे. विद्यार्थिनी, तिची संस्था, सोसायटी आणि तिथले हिशेब कल्पित आहेत. धरणं, कायदे, उपविधी, पाणी पंचायत आणि डिझाइनमधले वाद मात्र खरे आहेत. फ्युचर्सचा, म्हणजे भविष्याची शक्य चित्रं मांडणाऱ्या डिझाइनचा, थिसिस घेणारी मुलं ज्या खड्ड्यात हमखास पडतात, तो खड्डा नीट दिसावा एवढ्यासाठी हे सगळं एका जागी आणलं आहे.

पदवी कसली

'भविष्यलक्ष्यी डिझाइन' या नावाची सुटी पदवी आपल्याकडे सहसा भेटत नाही. टोरांटोच्या ओसीएडी विद्यापीठात 'स्ट्रॅटेजिक फोरसाइट अँड इनोव्हेशन' ही एम.डेस. (डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी) आहे. बार्सिलोनात आयएएसी आणि एलिसावा या संस्था मिळून 'डिझाइन फॉर इमर्जंट फ्युचर्स' चालवतात. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये अँथनी डन यांच्या हाताखाली 'डिझाइन इंटरॅक्शन्स' विभाग होता, आणि स्पेक्युलेटिव्ह डिझाइनची ('असं झालं तर?' हे वस्तूंमधून विचारणाऱ्या डिझाइनची) बरीचशी भाषा तिथून आली. भारतात हा विषय बहुतेक वेळा इंटरॅक्शन, प्रॉडक्ट किंवा सिस्टिम डिझाइनच्या एम.डेस.मध्ये एखादं इलेक्टिव्ह म्हणून येतो आणि शेवटी थिसिसमध्ये उगवतो. मुलं सीड (डिझाइनची प्रवेश परीक्षा) देऊन येतात, पहिलं वर्ष टायपोग्राफी, युजर स्टडी, मटेरियल यात जातं, आणि दुसऱ्या वर्षी एकदम '२०५० मधलं शहर' हातात घेतात. मधली पायरी कुणी शिकवलेली नसते.

या प्रकरणातली विद्यार्थिनी पुण्यातल्या एका डिझाइन संस्थेत एम.डेस.च्या शेवटच्या सत्रात आहे. थिसिसला २४ आठवडे. ती राहते त्या भागाचा पालिकेत समावेश अलीकडचा: २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यांपैकी एका गावात तिची सोसायटी. ९६ फ्लॅट. पालिकेचं पाणी येतं पण पुरत नाही, बाकी टँकर. विषय दारातच उभा होता, तिने तो योग्यच निवडला.

नवव्या आठवड्यातली ज्युरी

पहिल्या मांडणीचं नाव होतं 'शुष्क पुणे २०५०'. अंधाऱ्या खोलीत तीन भिंतींवर प्रोजेक्शन, मधोमध पाण्याचं एटीएम, डोळ्याचं स्कॅन केल्यावर त्यातून दिवसाला पाच लिटर पाणी. वर ड्रोनने येणारे पाण्याचे डबे. रेंडर (संगणकावर काढलेली चित्रं) उत्तम. अंदाजे खर्च १ लाख ८० हजार रुपये, त्यातला निम्म्याहून जास्त प्रोजेक्टरच्या भाड्याचा.

ज्युरीचा, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांचा, आक्षेप एकच होता, पण पुरेसा होता. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं गेलं, पहिल्या फेरीत दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. जुलै २०१९ मध्ये जोलारपेट्टैहून चेन्नईला तसंच. केप टाउनने फेब्रुवारी २०१८ मध्ये माणशी ५० लिटरची मर्यादा घातली. मग अंधाऱ्या खोलीत नवं काय आहे? पाणी मोजून घेणं, रांग लावणं, कुणाच्या तरी मर्जीवर हंडा भरणं, हे ज्यांनी केलंय त्यांना ही खोली भविष्य वाटणार नाही. ज्यांनी कधी केलं नाही त्यांना ती फक्त भीती दाखवेल, आणि बाहेर आल्यावर ते कॉफी पितील.

हा आक्षेप या क्षेत्रात जुना आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या 'डिझाइन अँड व्हायोलन्स' या ऑनलाइन उपक्रमात २०१३ मध्ये बर्टन निट्टा यांच्या 'रिपब्लिक ऑफ सॅलिव्हेशन' या कामावर चर्चा झाली. अन्न तुटवड्याच्या काळात सरकार कामानुसार माणसाला रेशन ठरवून देतं, अशी त्यातली कल्पना. तुम्ही ज्याला भयाण भविष्य म्हणता ते जगातल्या कितीतरी लोकांचं आजचं जगणं आहे, असा सूर त्या चर्चेत उमटला. लुइझा प्राडो आणि पेद्रो ऑलिव्हेरा या ब्राझिलियन संशोधकांनी पुढे तो सविस्तर मांडला. आपल्याकडे तर रेशनकार्ड स्वयंपाकघरातल्या डब्यामागे असतं. कुणाला त्याची भीती वाटत नाही. ते हरवलं तर मात्र वाटते.

हातात १५ आठवडे उरले होते, आणि तीन वाटा. आहे तेच घासूनपुसून पूर्ण करणं. विषयच बदलणं. किंवा पाणी तेच ठेवून आवाका एवढा लहान करणं की त्याला धरून भांडता येईल. पहिली वाट सगळ्यात सोपी असते आणि बहुतेक मुलं तीच घेतात, कारण रेंडर तयार असतात. या प्रकरणात तिसरी घेतली आहे.

सिग्नलचा ढीग पुन्हा उपसणं

पहिल्या नऊ आठवड्यांत तिच्याकडे ११२ सिग्नल, म्हणजे येऊ घातलेल्या बदलाच्या खुणा, जमले होते. त्यांचा स्रोत मोजल्यावर चित्र स्पष्ट झालं: ६८ परदेशी तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळांवरून, ३५ भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांतून, ९ मराठीतून. भविष्य जिथून आणलं तिथल्यासारखंच दिसणार. ड्रोन आणि डोळ्याचं स्कॅन त्या ६८ मधूनच आलं होतं.

दुसरी चूक सिग्नल आणि कल यांची गल्लत. 'भूजल पातळी खालावतेय' हा कल झाला. सिग्नल म्हणजे एका ठिकाणी, एका तारखेला, कुणीतरी केलेली एक वेगळी गोष्ट. अमुक सोसायटीने भाडेकरूंसाठी टँकरचा वेगळा दर लावला, अमुक गल्लीत टाकीच्या झाकणाला कुलूप लागलं, हे सिग्नल. प्रत्येकासाठी पोस्टकार्डाएवढं कार्ड: काय घडलं, कुठे, कधी, कोणी केलं, आणि हे सगळीकडे झालं तर कुणाचं बिघडेल. पाचवा रकाना सोडला तर बाकी चार बातमीदारी आहे. डिझाइन पाचव्यात सुरू होतं.

या चाळणीतून ४१ कार्डं कल किंवा नुसती मतं म्हणून गेली, २३ एकमेकांच्या नकला निघाल्या, ४८ उरली. पुढच्या तीन आठवड्यांत तिने ५२ नवी भरली, आणि तीही स्क्रीनवरून नाही. वॉचमनची टँकरची वही, सोसायटीच्या सूचनाफलकाचे जुने कागद, पालिकेच्या पाणी सोडणाऱ्या माणसाच्या वेळा, प्लंबरची बिलं. वहीत टँकरच्या नोंदीपुढे गाडीचा नंबर, वेळ आणि 'अर्धा' असा शेरा होता. दहा हजार लिटरचा टँकर अर्धाच रिकामा करून निघून गेला की वॉचमन तसं लिहीत असे. शंभर कार्डांत हे सगळ्यात उपयोगी ठरलं, कारण पाणी मोजण्याचा प्रश्न त्याने उघड केला.

किती वर्षं पुढे

२०५० हे साल गोल आहे म्हणून निवडलं जातं, दुसरं काही कारण नसतं. मुदत ठरवताना एक साधी कसोटी लावावी: आज निघालेली टेंडरं, आजचे करार आणि आजची यंत्रं तोवर संपलेली असावीत, पण आजचा चेअरमन त्या बैठकीत स्वतःला बसलेला बघू शकला पाहिजे. सोसायटीच्या बाबतीत ही मुदत बारा-पंधरा वर्षं येते. पंप आणि वायरिंग एकदा बदलून झालेली असतात, आज पाच वर्षांचं मूल मतदार झालेलं असतं, कर्जाचे हप्ते मात्र अजून चालू असतात. म्हणून २०३८.

जेवढं पुढे जायचं त्याच्या निदान दुप्पट मागे पाहावं. ही सवय लावली की पहिला धक्का आपोआप बसतो. मागे पाहताना ती पुण्यापासून फार दूर नसलेल्या पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पोचली.

१९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे काम सुरू केलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही वाचून दचकायला होतं. पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात: माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही. भूमिहीनालाही हिस्सा. ऊस लावायचा नाही. खर्चातला एक भाग सभासदांनी स्वतः उचलायचा. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि पिकं त्यावरून ठरवतं, तेही याच वाटेवरचं. डोळ्याच्या स्कॅनपेक्षा हे कितीतरी परकं आहे, म्हणजे आजच्या फ्लॅट-संस्कृतीला परकं. आणि ते घडून गेलेलं आहे.

(बार्सिलोनाचा अभ्यासक्रम ज्या फॅब लॅबच्या, म्हणजे डिजिटल यंत्रांच्या सामायिक कार्यशाळांच्या, जाळ्याला धरून आहे, त्या जाळ्याचं एमआयटीबाहेरचं अगदी सुरुवातीचं टोक २००२ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात होतं. भविष्य शोधायला निघालेल्यांनी आधी तालुक्याचा नकाशा उघडावा असं म्हणायला हेही एक कारण.)

मोजायचं काय

इथे थिसिस वळला. पाणी कमी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते कुठल्या एककात वाटायचं, हे ठरलेलं नाही.

आजचा नियम काय? गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पाण्याचा खर्च फ्लॅटमधल्या नळजोडांची संख्या आणि आकार यावरून वाटला जातो. म्हणजे नळावर. तीन बेडरूमच्या घरात दोघं म्हातारी असली तरी नळ जास्त म्हणून आकारणी जास्त. दोन बेडरूमच्या घरात सहा मुलं भाड्याने राहत असली तरी कमी. मीटर बसले की हिशेब लिटरवर जाईल. आणि नायगावचा हिशेब होता माणसावर. नळ, लिटर, माणूस. या तिन्हींतून तीन वेगवेगळ्या सोसायट्या निघतात आणि त्यांतली एकही यंत्राच्या शोधावर अवलंबून नाही.

परिस्थितीचित्रं काढताना तिने आधी भविष्याचे अभ्यासक जिम डेटर यांचे चार साचे वापरले होते: वाढ, कोसळणं, शिस्त, आमूलाग्र बदल. साचे चांगले आहेत, पण नवख्या हातात 'आमूलाग्र बदल' हा रकाना उडत्या गाड्यांनी भरतो. मग दोन अक्षांची चौकट घेतली. तिथेही नेहमीची चूक पहिल्या फेरीत झालीच: एक अक्ष 'पाऊस कमी ते जास्त', दुसरा 'धरणात पाणी कमी ते जास्त'. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर भरतात ती पावसानेच, त्यामुळे चारपैकी दोन कोपरे रिकामे राहिले. अक्ष एकमेकांवर अवलंबून असतील तर चौकट कोसळते. तपासायची रीत अशी की प्रत्येक कोपऱ्यासाठी एक विश्वासार्ह बातमीचा मथळा लिहून पाहायचा. मथळा सुचत नसेल तर अक्ष चुकला. दुसऱ्या फेरीत अक्ष ठरले: निर्णय कोण घेतं (पालिका की सोसायटी) आणि वाटप कशावर (लिटरचा दर की माणशी हिस्सा). चारही मथळे आले.

निवडलेला कोपरा: सोसायटी ठरवते, माणशी हिस्सा.

सोहेल इनायतुल्ला यांचं कॉजल लेअर्ड अ‍ॅनालिसिस (प्रश्नाचे थर एकाखाली एक उलगडण्याची पद्धत) इथे उपयोगी पडलं, तेही एका पानावर, पोस्टर न करता. वरचा थर रोजची तक्रार: टँकर पुन्हा उशिरा. त्याखाली व्यवस्था: नळावर आकारणी. त्याखाली समजूत: फ्लॅट ज्याचा, पाणी त्याचं. सगळ्यात खाली प्रतिमा. आजची प्रतिमा म्हणजे मोटर लावून आधी ओढून घेणारं घर. पर्यायी प्रतिमा तिने पंगतीची घेतली: सगळ्यांच्या पानात एकदा पडल्याशिवाय दुसरा वाढप फिरत नाही. ही पद्धत शिकवताना चौथ्या थरावर मुलं 'प्रवास', 'झाड' असलं काहीतरी लिहून मोकळी होतात. प्रतिमा अशी हवी की तिच्यातून नियम काढता आला पाहिजे. पंगतीतून निघतो.

हिशेब

९६ फ्लॅट, सरासरी ४ माणसं, ३८४ रहिवासी. माणशी १३५ लिटर या प्रचलित मानकाने रोज ५१,८४० लिटर लागतं. पालिकेकडून सरासरी २२,००० येतं. उरलेल्या २९,८४० साठी दहा हजारी तीन टँकर. २०३८ च्या चित्रात हिस्सा माणशी ८० लिटर धरला: ३०,७२० लिटर, म्हणजे पालिकेचं पाणी तेवढंच राहिलं तर रोज एकच टँकर. ८० का? जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण घरासाठी माणशी ५५ लिटर धरलेले आहेत. ५५ आणि १३५ यांच्या मध्ये कुठेतरी, भांडता येईल असा आकडा हवा होता. थिसिसमध्ये तो गृहीतक म्हणून स्पष्ट लिहिला. लपवला असता तर ज्युरीने पहिल्या पाच मिनिटांत तिथेच पकडलं असतं.

मग प्रश्न आला, माणूस मोजायचा कसा. भाडेकरूचा हिस्सा कुणाच्या नावावर? वर्षातले सहा महिने मुलाकडे अमेरिकेत असणाऱ्या आजी-आजोबांचा? गणपतीला आलेल्या पाहुण्यांचा? आणि ज्या ३१ बायका रोज येऊन सोसायटीच्या पाण्याने सोसायटीची भांडी घासतात त्यांचा, शिवाय ४ वॉचमन आणि २ सफाई कामगार? या ३७ जणांना नायगावच्या भूमिहीनाप्रमाणे दिवसाला २० लिटर दिले तर होतात ७४० लिटर. एकूण वाटपाच्या अडीच टक्क्यांहून कमी. एका रहिवाशाच्या वाट्यातून दोन लिटरसुद्धा जात नाहीत, फ्लशच्या एका खेपेपेक्षा कमी.

वस्तू

स्टुअर्ट कँडी भविष्याचा अनुभव उभा करायला चार पायऱ्यांची शिडी मांडतात: व्यापक पार्श्वभूमी, कथानक, प्रसंग, आणि हातात येणारी वस्तू. मुलं पहिल्या दोन पायऱ्यांवर वीस आठवडे घालवतात आणि शेवटच्या दोन चार आठवड्यांत उरकतात. इथे उलट केलं. प्रसंग: २०३८ सालची वार्षिक सर्वसाधारण सभा. वस्तू: सभेची सूचना, एक देखभाल बिल, गेटवरचा फळा, आणि पाणीपत्रिका.

पाणीपत्रिका रेशनकार्डाच्या घराण्यातली. ए-सिक्स आकार, ए-फाइव्हचे दोन कागद मधोमध दुमडून आठ पानं. कव्हर २५० जीएसएम, आतला कागद १०० जीएसएम मॅपलिथो, मधे दोन पिना. आतला कागद गुळगुळीत घेतला तर रबरी शिक्क्याची शाई फासते, म्हणून मॅपलिथो. तीन शिक्के, जांभळं पॅड: 'नोंद झाली', 'हिस्सा स्थगित', 'पाहुणे'. पानं: कुटुंबातल्या व्यक्ती, निवासी दिवस, उचल, हस्तांतर. ४० प्रती.

इथे तीन गोष्टी बिघडल्या. पहिली, तिने कार्डं चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केली. २०३८ मधलं कार्ड २०३८ मध्ये नवं असतं. झीज दाखवायचीच तर जिथे बोट लागतं तिथे: उजवा खालचा कोपरा, मधली घडी. दुसरी, कार्डावर तिने क्यूआर कोड, लोगो, घोषवाक्य, सगळं घातलं. लोक कोड स्कॅन करून बघत बसले. काढून टाकला. तिसरी आणि सगळ्यात मोठी, भाषा. मजकूर आधी इंग्रजीत लिहून मराठीत आणला होता: 'तुमचा पाणी प्रवास इथे सुरू होतो'. अशी सूचना कुठल्याही सेक्रेटरीने आजवर लावलेली नाही. मग फलकावरच्या जुन्या सूचना समोर ठेवून लिहिलं: 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा… गणपूर्तीअभावी तहकूब झाल्यास सदर सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्यास गणपूर्तीचे बंधन राहणार नाही.' ही शेवटची ओळ वाचून लोक हसले आणि लगेच विश्वास ठेवायला लागले. भविष्यातली वस्तू खरी वाटते ती तिच्यातल्या कंटाळवाण्या भागामुळे. सूचनेवर १४ दिवसांची मुदत आणि ३० सप्टेंबरच्या आतली तारीख होती. नियम पाळणारी सूचना पुढचा विचित्र ठराव सहज पोटात घालते.

एकूण खर्च १०,४५० रुपये: कार्डं २,४००, शिक्के १,०५०, सूचना व बिलं ६००, फळा १,८००, खुर्च्या ३००, सहभागींचं मानधन ३,२००, चहा-वडापाव १,१००.

चाचणी

पहिली फसली. क्लबहाउसमध्ये नऊ जण, टेबलावर वस्तू मांडलेल्या, आधी वीस मिनिटं स्लाइड: फ्युचर्स कोन (शक्य भविष्यं दाखवणारी शंकूची आकृती), अक्ष, थर, साल. मग मत विचारलं. सगळ्यांनी कार्ड छान झालंय म्हणून सांगितलं, रंगाबद्दल दोन सूचना केल्या आणि घरी गेले. मांडणी प्रदर्शनाची होती म्हणून माणसं प्रेक्षक झाली. शिवाय फ्युचर्स कोन समजावणं हे चाचणीतलं सगळ्यात वाया गेलेलं काम. हॅनकॉक आणि बेझोल्ड यांचा १९९४ चा, जोसेफ व्होरोस यांनी पुढे वाढवलेला तो कोन विद्यार्थ्याच्या वहीत असावा, सेक्रेटरीपुढे नाही.

त्याच आठवड्यात सूचनेचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला, साल कापून. रात्री अकराला सेक्रेटरींना फोन: पाणी खरंच ८० लिटरवर आणणार का? अशा कामात हा धोका कायम असतो आणि तो गमतीचा नाही. पाण्याच्या अफवेने लोक टाक्या भरून ठेवतात आणि शेजारच्या विंगला त्याच दिवशी पाणी येत नाही. तिने ग्रुपवर लेखी खुलासा दिला आणि सगळे कागद पुन्हा छापले. 'कल्पित, वर्ष २०३८, अभ्यासासाठी' ही ओळ आता मजकुराच्या मधोमध, कापता येणार नाही अशी, आणि प्रत्येक पानावर संस्थेचं व गाइडच्या कार्यालयाचं नाव. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं.

दुसरी चाचणी पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. २२ माणसं. स्पष्टीकरण दोन वाक्यांचं: ही २०३८ ची सभा आहे, तुम्ही आहात तेच आहात, फक्त तेवढ्या वयाचे. विषयपत्रिकेवर चार ठराव: पाण्याचा ताळेबंद मंजूर करणे, भाडेकरूचा हिस्सा भाडेकरूच्याच नावे नोंदवणे, अनिवासी कामगारांस दररोज २० लिटर, ६० दिवसांहून अधिक बंद फ्लॅटचा हिस्सा स्थगित. हात वर करून मतदान. ताळेबंद पाच मिनिटांत मंजूर, आकडा कुणी वाचलाही नाही. चौथ्यावर अमेरिकेत मुलं असलेली घरं चिडली, पण मिटलं. तिसऱ्या ठरावावर सत्तर मिनिटं गेली. वाद ७४० लिटरचा नव्हताच. कार्डावर बाईचं नाव छापायचं का, आणि छापलं तर ती सभासद होते का, हा होता. काहींनी पाणी द्यायला हरकत घेतली नाही, नोंद करायला घेतली. दया चालेल, हक्क नको, हे एवढं उघड कुठल्याही मुलाखतीत बाहेर आलं नसतं, आणि डोळ्याच्या स्कॅनने तर नाहीच.

मात्र त्या सभेला बोलावलेल्या घरकाम करणाऱ्या तिघी एक शब्द बोलल्या नाहीत. ज्यांच्याकडे काम करतो त्यांच्यासमोर कोण बोलेल? नियोजनातली ही चूक होती. म्हणून तिसरी बैठक वेगळी: आठ जणी, दुपारी अडीच वाजता, कारण सकाळची कामं संपून संध्याकाळची सुरू व्हायच्या मधली तीच मोकळी वेळ; प्रत्येकी ४०० रुपये, बैठक सुरू होण्याआधी हातात. तिथे ठरावच उलटा झाला. वीस लिटर सोसायटीत वापरायला नकोत, घरी न्यायला हवेत. वीस लिटर म्हणजे साधारण पंधराच्या हंड्यापेक्षा थोडं जास्त. दोन हंडे होतील असं तीस करा, आणि न्यायचं कशातून तेही सांगा, कारण बसमध्ये हंडा घेऊन चढता येत नाही. कार्डावर मालकिणीचं नाव मुळीच नको. काम सुटलं की पाणी सुटेल असा कागद त्यांना नको होता. नायगावचा जमिनीपासून सोडवलेला हक्क इथे घरमालकापासून सोडवलेला हक्क म्हणून परत आला, आणि तो आणला ज्यांनी पाणी पंचायतीचं नावही घेतलं नव्हतं.

पाणीपत्रिकेची दुसरी आवृत्ती यावरून झाली: 'फ्लॅट क्रमांक' हा रकाना पहिल्या पानावरून गेला, हिस्सा व्यक्तीच्या नावे आला, आणि 'नेण्याची सोय' असा नवा रकाना उघडला. तो रिकामा आहे, कारण उत्तर मिळालं नाही.

काय राहून गेलं

अंतिम ज्युरीपुढे तिने रेंडर एकही दाखवला नाही. सत्तर मिनिटांच्या वादाचं सहा पानी टिपण, दोन्ही आवृत्त्यांची कार्डं आणि बदललेल्या रकान्यांचा तक्ता ठेवला. पोर्टफोलिओतही हेच क्रमाने जावं: आधीची चूक, बदललेला रकाना, बदलायचं कारण. नोकरी देणाऱ्याला भविष्यात रस कमी असतो. तुम्ही काय पाहून मत बदललंत, हे त्याला बघायचं असतं.

ज्युरीचा खरा प्रश्न टँकरचा होता. हिशेबात रोज एक टँकर उरतोच. तो दहा हजार लिटर कुठून आणतो? वॉचमनच्या वहीत गाडीचा नंबर आहे, विहिरीचं नाव नाही. महाराष्ट्रात २००९ चा भूजल अधिनियम आहे, त्यात विहिरींच्या नोंदणीची तरतूद आहे, पण सोसायटीच्या वहीपर्यंत त्यातलं काही पोचत नाही. ज्या गावच्या विहिरीवर टँकर भरतो तिथलं कुणी २०३८ च्या त्या सभेत बसलेलं नव्हतं, आणि पाणीपत्रिकेत त्यांच्यासाठी रकाना नाही. चालकाला तिने एकदाच विचारलं होतं, गेटवर, इंजिन चालू असताना. तो घाईत होता आणि पुढची खेप त्याला दुसऱ्या सोसायटीत द्यायची होती.